आठवीच्या ताटल्या

माध्यम : मराठी
इयत्ता : आठवी
पटावर : वीस
हजर :

इथे पेन थांबलं. तपासणीला आलेल्या साळवीसाहेबांनी मुलं दोनदा मोजली. दोन्ही वेळा वीसच भरली.

"एकही गैरहजर नाही?"

"नाही, सर," माधुरीबाई म्हणाल्या.

"ताप, लग्न, गावची जत्रा? अख्ख्या कांजूरमध्ये काहीच नाही?"

पहिल्या बाकावरच्या चेतनाने मान खाली घातली. विसांतला एक जरी कमी भरला, तर आठवी इथून उचलून हायवेपलीकडच्या शाळेत नेली जाणार होती. तिच्या पप्पांनी सांगून टाकलं होतं. हायवे ओलांडायचा नाही. घरी बसायचं.

साहेब शेवटच्या बाकाशी गेले. तिथे तिघे मुलगे. तिघांच्याही पँटी घोट्याच्या वर.

"नाव?"

"सुयोग दशरथ परब."

"हजेरी क्रमांक?"

"अठरा."

"गणवेश आटला, की तू वाढलास?"

"दोन्ही, सर."

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. उत्तर फारच पटकन आलं होतं.

काल संध्याकाळी बाई तिघांच्या घरी जाऊन आल्या होत्या. जूनमध्येच ते इंग्रजी शाळेत गेलेले. नावं मात्र पटावर तशीच. जुने गणवेश ट्रंकेतून निघाले. क्रमांक पाठ झाले. कोणी कुठे बसायचं, तेही ठरलं. काही राहिलं नाही, असं बाईंना वाटलं.

मधली सुट्टी :

घंटा झाली. "थांबतो मी," साहेब म्हणाले. "जेवू दे त्यांना."

बचत गटाच्या कमलताईंनी खिचडीचं पातेलं व्हरांड्यात आणून ठेवलं. दप्तरांच्या चेन वाजल्या. रोजच्यासारखी ज्याने त्याने घरून आणलेली ताटली काढली.

शेवटच्या बाकावर चेन वाजली नाही.

बाईंनी खडू उचलला. परत ठेवला.

साहेब व्हरांड्यात बसलेल्या मुलांच्या ताटल्या मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार.

पाचवी चेतनाची. ती एकदम दप्तरात गेली.

"श्वेता, सरक ना गं," म्हणत चेतना शेजारणीच्या ताटलीला जाऊन बसली.

नितेशने तिच्याकडे पाहिलं. मग आपली ताटली मांडीखाली सरकवली. "सुयोग, ये रे. त्या धम्मपालच्यात बसू."

मग कोणी कोणाला काही सांगितलं नाही. ताटल्या आत जात राहिल्या. कुठे दोघं, कुठे तिघं, एका ठिकाणी चौघं, गुडघ्याला गुडघा लावून. साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

सात ताटल्या. वीस मुलं.

"रोज असेच जेवता?"

"रोज," चेतना म्हणाली.

साहेबांनी फॉर्म उलटला. पुन्हा सुलटा केला. ताटल्यांचा रकाना त्यात नव्हता. ते एकेका हाताकडे बघत राहिले. विसांतला एकही हात मध्येच थांबत नव्हता.

कमलताई डाव घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमची ताटली?"

चेतनाने थोडं सरकून जागा केली. तिची नजर त्यांच्या पेनावर होती.

हजर :