आईचा ब्रेक

"ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं," गाडीतून उतरता उतरता मेकॅनिक म्हणाला.

त्याला सोबत घेऊन गाडी विकत घ्यायला आलेल्या तरुणानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीच्या मालकांकडे. मालक म्हणजे निवृत्त दंतवैद्य. ते गॅरेजच्या दाराला टेकून उभे होते. बायको गेल्यापासून ही लांबलचक, काळी, महागडी गाडी त्यांनी बाहेर काढली नव्हती. तिच्यात बसवत नव्हतं आणि दारात उभी असलेली बघवतही नव्हती. आज ती चांगल्या माणसाच्या हाती जावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी मुलगी मुद्दाम गावाहून आली होती. बाबांना घासाघीस जमत नाही आणि खोटं बोलणं तर त्याहून जमत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

"बरेच महिने एका जागी उभी आहे, म्हणून थरथरत असेल," ती म्हणाली.

"असेलही. बघतो ना ताई." मेकॅनिकनं बाह्या वर सारल्या. "या मोठ्या गाड्यांचं कसं असतं, बाहेरून रुबाब, आतून सगळी दुखणी. काका, तुम्ही दातांचे डॉक्टर ना? मग तुम्हाला काय सांगायचं. आ केल्याशिवाय कळत नाही."

दंतवैद्य कसंनुसं हसले. आयुष्यभर लोकांना खुर्चीत बसवून आ करायला लावलं, आज त्यांची पाळी होती.

मेकॅनिकनं इंजिनाचं झाकण उघडून ऑइल बोटावर घेतलं, वास घेतला. गाडीखाली सरपटत जाऊन कुठं गळतंय का ते पाहिलं. चारी कोपरे दाबून गाडी एका अंगाला बसते का ते पाहिलं. प्रत्येक काच खालीवर केली. काही सापडलं नाही, तसा तरुणाचा चेहरा खुलत गेला. मग मेकॅनिकनं पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं मॅट ओढून काढलं.

"छताच्या खिडकीच्या नळ्या तुंबल्या की पाणी गुपचूप इथं उतरतं," त्यानं तरुणाला समजावलं. "वरून पत्ता लागत नाही. खाली सगळं कुजलेलं असतं."

खाली कोरडं ठणठणीत होतं. पण मॅट उजेडात धरलं, तर त्यातून त्याला अंगण दिसलं. जाडजूड मॅटला बरोबर उजव्या पायाच्या जागी भोक पडलं होतं.

"काका, ही गाडी शिकवणीला होती का कधी? शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तिथं असं झिजतं."

मुलगी खळखळून हसली. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

"तो आईचा ब्रेक," ती म्हणाली. "बाबांनी जरा वेग घेतला की दाब. वळण आलं, दाब. लांब कुठं कुत्रं दिसलं तरी दाब. बाबा म्हणायचे, अगं, तिकडं नुसतं मॅट आहे. आई म्हणायची, म्हणूनच तर आजवर धडधाकट घरी पोचतोय."

तरुणही हसला. "म्हणजे गाडी जपून चालवलेली दिसतेय."

"बैलगाडीसारखी. अहो, शेवटच्या दिवशीसुद्धा, दवाखान्यात नेताना, आई वाटभर पाय दाबत होती. बाबांना म्हणाली, एवढी कसली घाई, हळू चालवा. हो ना बाबा?"

दंतवैद्यांनी मान हलवली.

मुलगी त्या दिवशी परगावी होती. धावत आली तेव्हा सगळं आवरलं होतं. आईचं शेवटचं असं एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं, तेही बाबांनी सांगितलेलं. ते ती भेटेल त्याला सांगायची आणि सांगता सांगता थोडी सावरायची.

मेकॅनिकनं जॅक लावून पुढचं चाक काढलं. ब्रेकच्या डिस्कवरचा गंज फडक्यानं पुसला आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"काका, जपून चालवणाऱ्याची डिस्क अशी नसते," तो म्हणाला. "हा निळसर रंग बघा. लोखंड लाल होईस्तोवर तापलं की असा उरतो. थरथर याचीच आहे. कुणीतरी ही गाडी बेफाम पळवलीय आणि करकचून थांबवलीय. पुन्हा पुन्हा."

तरुणाचं हसू मावळलं. "काका, आणखी कोण चालवायचं ही गाडी? खरं सांगा."

"कुणी नाही," मुलगी तडकली. "माझ्या वडिलांना खोटं पाडू नका. त्यांनी जरा वेग घेतला की आई लगेच..."

बोलता बोलता ती थांबली. तिनं डिस्ककडे पाहिलं. मग बाबांकडे.

दंतवैद्यांना एवढंच म्हणायचं होतं, की मेकॅनिकची काहीतरी चूक होतेय. तेवढ्यानं निभावलं असतं. फार तर गाडी विकली गेली नसती. पण ते पुढं आले, मेकॅनिकनं बाजूला टाकलेलं मॅट उचललं आणि सीटच्या कडेवर टेकले. त्यांचं बोट आपोआप त्या भोकात गेलं.

"तो बरोबर बोलतोय. मीच पळवली. दवाखान्यात नेताना."

"पण आई म्हणाली ना, हळू चालवा."

दंतवैद्यांनी मॅट मांडीवर घेतलं आणि तळहातानं सरळ केलं.

"पहिल्या चौकात मी असा ब्रेक मारला, की ती पुढं कलंडली. पुढच्या चौकातही तसंच. मी तिच्या पायाकडे बघत होतो, बाळा, रस्त्याकडे नाही. सगळ्या वाटेत तिनं एकदाही पाय दाबला नाही."