फुकटातसुद्धा नको

ट्रॉयने तिसऱ्यांदा तिच्या डोक्यावरून मागे बघितलं आणि विचारलं, "हं, पुढे कोण?"

पुढे इर्माच होती. गेली वीस मिनिटं तीच पुढे होती. पण ट्रॉयच्या बंदुकांच्या दुकानात पुढे असणं वेगळं आणि गिऱ्हाईक असणं वेगळं. तिच्यामागून आलेल्या दोघा दाढीवाल्यांना दुर्बिणी दाखवून झाल्या, हरणांच्या गप्पा झाल्या, कॉफी झाली. काउंटरला कोपरं टेकून उभे असलेले चार-पाच जण रोजचेच. विकत काही घेत नाहीत, पण नव्या माणसाला आपादमस्तक न्याहाळायचं काम इमानेइतबारे करतात.

"मी आहे," इर्मा म्हणाली.

"अरे वा, बाईसाहेब!" ट्रॉयने काचेखालून एक गुलाबी पिस्तूल काढलं. "हे बघा. पर्समध्ये मावतं. लिपस्टिकच्या शेजारी."

कोपरवाले खिदळले.

"घ्यायचं नाहीये मला. द्यायचंय." तिने घोंगडीत गुंडाळलेली लांबट वस्तू काउंटरवर ठेवली.

ट्रॉयने घोंगडीचं टोक दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं. आत एक जुनी एकनळी बंदूक होती. दस्ता तडकलेला, त्यावर तार आवळलेली.

"ही? अहो, ही पूर्वी खिळे-कुऱ्हाडींच्या दुकानात मिळायची. खिळ्यांवर फुकट देत असतील. आमच्या भिंतीवर काय टांगलंय ते बघा जरा."

"सासऱ्यांची आहे. मला पैसे नकोत. फक्त ठेवून घ्या."

"ठेवून घेतली की वहीत चढवावी लागते, बाई. सरकारी वही असते ती. आणि हिच्यावर तर नंबरही नाही. असल्या भंगारापायी मी सरकारला उत्तरं देत बसू? फुकटातसुद्धा नको."

इर्माने काउंटरची कड घट्ट धरली. ही वस्तू आज परत घरी न्यायची नाही, एवढं एकच तिने पहाटे ठरवलं होतं. बाकी काही ठरवायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. त्यासाठी ती बर्फातून चाळीस मैल गाडी चालवत आली होती, जिथे तिला कुणी ओळखणार नाही अशा गावात. तिला रडू येत होतं, आणि या लोकांसमोर तर मुळीच रडायचं नव्हतं.

"घरात नकोय मला ती," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं मन थाऱ्यावर नाही."

हसणं थांबलं. लोखंडाच्या खाणी बंद पडल्यापासून त्या भागात असं वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

काउंटरच्या टोकाला ओर्विल नावाचा म्हातारा होता, कोपरवाल्यांमधला सगळ्यात जुना. त्याने टोपी काढली. "नाव काय त्याचं?"

"वेंडेल."

"झोपतो का?"

"रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही."

"खातो?"

"कॉफी. कधी पावाचा तुकडा."

"आणि हिच्याकडे बघत बसतो?"

इर्माने मान खाली घातली. "कपाटासमोर खुर्ची ओढून. हिवाळा लागल्यापासून रोजचंच झालंय."

"बघा," ओर्विल बाकीच्यांना म्हणाला, "आपण पुरुष म्हणजे असे. आतल्या आत कुढणार, तोंडातून चकार शब्द काढणार नाही. बायकांचं बरं असतं. त्या रडून-बोलून मोकळ्या होतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ते त्यांना फारच पटलं.

"शेरीफकडे नेऊन द्या ना," ट्रॉय जरा मऊ आवाजात म्हणाला.

"शेरीफची बायको आमच्या चर्चमध्ये येते. संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"मग तळ्यात टाका."

"तळं गोठलंय," ओर्विल म्हणाला. "बर्फाला भोकं पाडून मासे धरायला बसलेली पोरं परत आणून देतील."

"मग तुम्ही ठेवाल?" इर्माने त्यालाच विचारलं. "थोडे दिवस. बर्फ वितळेपर्यंत."

ओर्विल क्षणभर गोंधळला. मग त्याने घोंगडीकडे बघितलं आणि जुनी सवय वर आली. "माझ्या कपाटात? ही? अहो, बाकीच्या रुसून बसतील."

तोच पहिल्यांदा हसला. मग सगळेच हसले.

इर्माने हातमोजे चढवले, बंदूक तिथेच टाकली आणि दाराकडे चालू लागली. तिने गाडीचं दार उघडेपर्यंत मागून बर्फावर धावणारी पावलं आली. ट्रॉयने घोंगडी पोरासारखी दोन्ही हातांवर धरली होती.

"असं सोडून जाता येत नाही, मॅडम. उद्या तपासणी आली तर माझा परवाना जाईल." त्याने ती वस्तू शेजारच्या सीटवर नीट ठेवली. घोंगडी सारखी केली, दार हळूच लावलं. दुकानात पाय ठेवल्यापासून तिची इतकी सेवा पहिल्यांदाच होत होती.

ओर्विलही धापा टाकत आला. त्याच्या हातात एक छोटं कुलूप होतं. "हे आम्ही फुकट देतो. बंदुकीच्या चापाला लावा आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घाला. बंदूक कुठे ठेवलीय ते वेंडेलला कळू द्यायचं नाही. तुम्ही एकट्यांनीच बघायचं. कळलं?"

"कळलं."

"घाबरू नका. घरात तुम्ही तरी धड आहात, हे त्याचं नशीब."

इर्माने किल्ली घेतली. थँक यू म्हणाली, कारण तशी सवय होती. गाडी सुरू केल्यावर आरशात तिला ते दोघं दिसले. हात हलवत होते, एका घराचं भलं केल्याच्या आनंदात.

आपल्या गावाबाहेरच्या टेकडीपाशी तिने गाडी थांबवली. अंधारायला अजून तासभर होता आणि घरी जायची तिला घाई नव्हती. गुडघाभर बर्फ तुडवत ती कबरींच्या तिसऱ्या रांगेपर्यंत गेली आणि तिथल्या दगडावर साचलेला बर्फ हातमोज्याने झाडू लागली. नाव मोकळं झाल्यावर ती खाली बसली.

"त्यांनी नाही घेतली, वेंडेल," ती म्हणाली. "कपाटासमोर बसते ती मीच, हे नाही सांगितलं मी. मलाच सांभाळायला सांगितली."