यंदाची राधा

शिमग्याला गावी होणाऱ्या नमनाच्या लोकनाट्यात राधेचं काम कित्येक वर्षं उत्तम नावाचा गडीच करायचा. यंदा मंडळाने ठरवलं की राधा मुलगीच करेल, आणि निवड झाली त्याच्याच मुलीची, अनुष्काची. भाईंदरच्या घरी रोज संध्याकाळी तो तिला शिकवायचा, पण गप्प गप्पच असायचा.

शेवटी तिने नाच थांबवला. "पप्पा, तुमचं काम मला दिलं म्हणून वाईट वाटतंय ना? मी नाही करत म्हणून सांगू का त्यांना?"

"वेडी आहेस काय? तुला बघून माझी आई आठवतेय गं." त्याने तिचं मनगट हलकेच वळवून दाखवलं. "राधा तिला करायची होती. तेव्हा बायांना नमनात घेत नव्हते, म्हणून दार लावून तिने मला शिकवलं."