सोफ्याखालची धूळ

"कोणीही बेल वाजवली तरी दार उघडायचं नाही," लेकीने पुन्हा एकदा बजावलं. "घरातला फोन वाजला तर वाजू द्यायचा."

"म्हणजे आम्ही नजरकैदेत," बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"अहो, परका मुलूख आहे. तिला कळतं." आईने सोफ्याखाली बोट फिरवलं आणि ते लेकीच्या नाकासमोर धरलं. "हे बघ. ही तुझी कामवाली झाडते की नुसती फेरी मारून जाते?"

 तिथे झाडू लेकीनेच मारला होता.

घर न्यायाधीशबाईंचं होतं. लेक या शहरात शिकत होती हे खरं, पण राहत होती नदीपलीकडे, चौघींच्या खोलीत, पडदा लावलेल्या एका पलंगावर. न्यायाधीशबाईंकडे ती साफसफाईला यायची. काम संपलं की याच सोफ्यावर बसून घरी व्हिडिओ कॉल लावायची. एकदा आईने विचारलं, "हे तुझं घर?" आणि ती "हो" म्हणून बसली. त्या एका "हो"ला वर्ष झालं. मग आई-बाबांनी न विचारता तिकिटं काढली. न्यायाधीशबाई शनिवारपर्यंत बहिणीकडे राहणार होत्या, आई-बाबांचं परतीचं विमान शुक्रवारचं. तिने देवाचं नाव घेतलं आणि दोघांना इथे आणलं.

काळ्या झग्यातला न्यायाधीशबाईंचा फोटो तिने कपाटात लपवला. रिकाम्या खिळ्यावर बाबांनी पहिल्याच दिवशी आपली कानटोपी अडकवली.

आधीची कामवाली एका रात्री याच सोफ्यावर झोपली होती. न्यायाधीशबाईंनी आवाज चढवला नव्हता. पोलिसांना फोन केला आणि त्या शांतपणे चहा ठेवायला गेल्या. लेकीने ही हकिगत शेजारच्या बाईकडून ऐकली होती. पोलिसात नाव गेलं की विद्यापीठ गेलं, व्हिसा गेला. आणि बाबांनी तर निघण्याआधी सगळ्या भावकीला सांगितलं होतं, "पोरीच्या फ्लॅटवर उतरणार आहोत."

"आणि हा ॲप्रन कुणाचा गं?" न्हाणीघरातून आईचा आवाज आला.

"बाईचा."

"मग बाई कुठेय?"

"गावी गेलीये. येईल."

"येणार कशी? तू तर दिवसभर कॉलेजात."

"तिच्याकडे चावी असते," लेक बोलून गेली.

"चावी? परक्या बाईला?" आईने कपाळावर हात मारला. "येऊ दे एकदा. एकेक कोपरा दाखवते तिला."

"तिला तुझी भाषा कुठली कळायला?" बाबा म्हणाले.

"धूळ दाखवायला भाषा कशाला लागते? आणि अडलंच तर तुम्ही आहात की. ऑफिसात साहेबांशी इंग्रजीत बोलायचात म्हणता ना?"

बुधवारी दुपारी लेक प्रयोगशाळेत असताना न्यायाधीशबाईंचा निरोप आला. "बहिणीशी पटलं नाही. आजच परततेय. थोड्याच वेळात घरी पोहोचेन."

तिच्या हातातली काचेची नळी टेबलावर घरंगळली. तिने बाबांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बाबांचा फोन घरातल्या वायफायवरच चालायचा, आणि बाबांचा जन्म वीज मंडळात गेलेला. वापरात नसलेलं प्रत्येक बटण ते बंद करायचे. वायफायचंही. मग तिने घरातला फोन लावला. तो वाजत राहिला. उचलणार कोण? तिनेच बजावलं होतं.

कोट न घालताच ती धावत सुटली. ट्रामच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, पांढराफटक. काय सांगायचं? दोघं वाट चुकून आत शिरले? चावी हरवली होती? एकही थाप दोन वाक्यांच्या पुढे टिकत नव्हती. डोळ्यांपुढे येत होती ती आई, पोलिसांच्या गाडीत, पदर डोक्यावरून घेतलेली. आणि बाबा, काही न विचारणारे. बाबांनी काही विचारलं नाही तर ते तिला सहन होणार नव्हतं.

लिफ्ट वर अडकली होती. ती जिन्याने गेली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाबांच्या चपलांशेजारी काळ्या बुटांचा एक जोड नीट लावून ठेवलेला होता. भिंतीशी चाकांची बॅग. फोडणीचा वास येत होता. बोलण्याचा आवाज मात्र नव्हता. ती दारातच थांबली. 

"अगं, दारात काय उभी? ये ना!" आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि तिच्या कानाशी लागली. "आम्ही दार उघडलं नाही हं. तिनेच चावीने उघडलं. तुझी बाई आली! गावाहून थेट कामावर, बॅगेसकट. आधी दचकली आम्हाला बघून. मग यांच्याशी बोलली थोडं. मी म्हटलं, आधी दोन घास खाऊन घे. मग ॲप्रन दिला हातात. कामाला वाईट नाही गं, पण समोर उभं राहून करून घ्यावं लागतं."

लेकीने आत पाहिलं. सोफा भिंतीपासून पुढे ओढलेला होता. त्याच्यामागे गुडघे टेकून, पांढऱ्या केसांची एक बाई फडक्याने कोपरा पुसत होती. बाबा जरा संकोचून बाजूला उभे होते, हातात पाण्याची बादली घेऊन.

बाई सावकाश उठल्या. ॲप्रनला हात पुसले. खिळ्यावरच्या कानटोपीकडे त्यांनी एकदा बघितलं, मग लेकीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"मॅडम, सोफ्याखालचं झालं," न्यायाधीशबाई आवाज न चढवता म्हणाल्या. "पाहुणे शुक्रवारी निघणार, असं तुमचे वडील सांगत होते. तोवर मी रोज किती वाजता येऊ?"