सरुबाईंची फणी

“पुन्हा निघाली!” सरुबाईंनी ऊ नखावर चिरडली आणि सुनेची वेणी हातातून टाकून दिली. “बजावलं होतं मी. आता कायमचं माहेर. गाडी दारात उभी आहे.”

मथुरा सासवडची. शनिवार पेठेतल्या या घरी नांदायला आली, त्याला वर्षही झालं नव्हतं. दोनदा तिला उवांपायी माहेरी धाडलं, दोनदा आईनं डोकं साफ करून परत पाठवलं. पेशवाईत मुलाचं दुसरं लग्न लावायला फार मोठं कारण लागत नसे. उवा पुरेशा होत्या. पोरीला हे कळत होतं. ती रडतसुद्धा नव्हती.

“हिच्या रक्तातच आहेत मेल्या!”

“उवा रक्तात नसतात, वहिनी. फणीत असतात.”

माजघराच्या दारात चिमाआत्या उभ्या होत्या. सरुबाईंच्या विधवा नणंद. अंगावर लाल आलवण, डोक्याचं मुंडण. सवाष्णीच्या केसांना त्यांचा हात लागू नये, हा सरुबाईंचा कडक नियम. असल्या नियमांचं पीक आपल्याकडे दुष्काळातही उत्तम येतं.

“हिच्या आईनं कापराचं तेल लावून, लीख न् लीख वेचून पोर पाठवली. इथे वेणी तुम्ही घातलीत, तुमच्याच फणीनं. मग या उवा कुणाच्या?”

सरुबाई संतापल्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हात आपसूक अंबाड्यात गेला, खाजवायला. त्यांनी तो घाईनं काढून घेतला, पण व्हायचं ते झालं होतं.

“एकीचं डोकं धुऊन भागत नाही,” आत्या म्हणाल्या. “सगळ्याजणींचं एकाच दिवशी बघायचं. फण्या उकळत्या पाण्यात, उशा उन्हात. राहिलेल्या लिखा फुटतात, म्हणून आठवड्यानं पुन्हा.”

“आणि बघणार कोण? जी ती खाजवतेय!”

“या घरात उवा नसलेलं डोकं एकच आहे, वहिनी.” आत्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला.

सरुबाई उठल्या, दारात जाऊन गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं. परत आल्या, अंबाडा मोकळा केला आणि नणंदेपुढे पाठ करून बसल्या.

आत्यांची बोटं हवेतच थांबली. मुंडण झाल्यापासून त्यांनी कुणाच्याच केसांना हात लावला नव्हता.

“लावा हात, वन्सं,” सरुबाई म्हणाल्या. “माझं झालं की तिचं बघा. आणि तिची वेणीही तुम्हीच घाला.”