कावळा शिवेना

निवृत्तीच्या आईच्या दहाव्याला पिंड ठेवून तासभर झाला, तरी कावळा शिवेना.

"काकू, धाकटीचं लग्न आम्ही लावू," भावकीने सांगितलं. कावळा फांदीवरच. खुनासाठी जन्मठेप भोगणारा निवृत्ती दोन पोलिसांमध्ये मान खाली घालून बसला होता.

मी त्याची वकील. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी हात जोडले. "काकू, निवृत्तीला सोडवल्याशिवाय मी थांबणार नाही." कावळा हलला नाही.

मग संपतराव पुढे आले. खून त्यांच्याच मुलाचा झाला होता आणि शिक्षा त्यांच्याच साक्षीवर. चप्पल काढून ते पिंडासमोर उभे राहिले.

"वहिनी, अंधारात मला तोंड दिसलंच नव्हतं. रागात नाव घेतलं. आता कोर्टात खरं सांगतो."

कावळा शिवला की नाही, सांगता येणार नाही. आम्ही सगळे निवृत्तीकडे बघत होतो.