उष्ट्या ताटातला भात

पंढरीचं तेरावं उरकलं आणि कामतघरच्या चाळीत राहीबाईने पहिल्यांदाच एकटीपुरता भात टाकला. लग्नापासून ती त्याच्या मागून, त्याच्याच उष्ट्या ताटात, उरेल ते जेवत आली होती.

तिने घासलेल्या ताटात भात वाढला आणि पाणी घ्यायला वळली. परत बघते तर भातात बोटांच्या रेघा, कडेला अर्धी चावलेली मिरची. पंढरी तशीच टाकायचा.

"मांजर असल," शेजारची हौसा म्हणाली.

"मांजर मिरची खातं काय?"

दुसऱ्या दिवशी राहीबाईने ताट घेतलंच नाही. टोपातच जेवायचं ठरवून ती स्टोव्हसमोरून हललीसुद्धा नाही. भात शिजल्यावर तिने झाकण काढलं.

वाफेखाली बोटांच्या रेघा होत्या. कडेला मिरची होती. आणि तिच्यासाठी उरला होता नेहमीइतकाच, चार घास भात.